कुलाबा, अलिबाग आणि न उघडणारी डिस्क

नोंद टिकणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. याचे उत्तम उदाहरण आपल्या रायगड किनाऱ्यावर आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन होत असे. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या विद्युतप्रवाहाने मापने बिघडली असती. म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी मापन चालू ठेवले गेले. त्यामुळे जुने आकडे नव्यांशी जोडता आले. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

या जुन्या नोंदींचे मोल २००३ मध्ये पुन्हा दिसले. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाचा अभ्यास कुलाब्याच्या नोंदींवरून झाला. क्षैतिज चुंबकक्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट आढळली. कागद शाबूत होता, पण उपकरणाची मोजपट्टी कशी वाचायची हेही ठाऊक असावे लागले.

आज आकडे डिस्कवर साठतात आणि तीच अडचण वेगळ्या रूपात येते. लिनक्सच्या संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडली, की कधी कधी ‘माउंट’ होत नाही. हा शब्द जुना आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवले. त्या काळच्या यंत्रांवर सुट्या डिस्क हाताने चढवाव्या लागत. नंतर त्यातील फाइलींचे झाड संगणकाच्या मुख्य झाडाला जोडायचे, ती आज्ञा म्हणजे माउंट.

‘फाइल सिस्टीमचा प्रकार चुकीचा किंवा सुपरब्लॉक खराब’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, की पुष्कळजण डिस्क गेली असे समजतात आणि फॉरमॅट करून टाकतात. माझ्या मते याहून मोठी घाई नाही. आधी ‘डीमेसेज’ने पाहावे, डिस्क संगणकाला दिसते का. दिसत नसेल तर दोष बहुधा केबलचा किंवा अपुऱ्या विजेचा असतो. दिसत असेल तर ‘बीएलकेआयडी’ने प्रकार विचारावा. ही आज्ञा डिस्कवरची खूण शोधते. लिनक्सच्या एक्स्ट४ प्रकारात विभागाच्या सुरुवातीपासून १,०८० बाइट सोडून पुढे दोन बाइटची ओळखखूण असते. तो भाग बिघडला तरी सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर इतरत्र ठेवलेल्या असतात. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कची गोष्ट निराळी: विंडोज संगणक पूर्ण बंद न करता डिस्क काढली असेल, तर लिनक्स तीवर लिहू देत नाही. अशा वेळी केवळ वाचनासाठी माउंट करून प्रत काढावी, दुरुस्ती नंतर.

काम झाल्यावर डिस्क उतरवायची आज्ञा विसरू नये, कारण लिहायचा मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच राहतो. या आज्ञेचे नाव ‘यूमाउंट’ आहे. ‘अनमाउंट’मधला पहिला ‘एन’ युनिक्सकारांनी गाळला.