पित्याचा वारसा, लेकीचा स्वर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. त्या सुमारास नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे बिऱ्हाड आवरून या तलावांच्या गावी आली. त्याच राज्यपुनर्रचनेचे पडसाद मुंबईत निराळ्या रीतीने उमटले. संयुक्त महाराष्ट्राचा कैवार घेऊन आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले. त्यांची कन्या शिरीष हिचा तो सत्ताविसावा वाढदिवस होता.

अत्र्यांच्या घरी कवयित्री होणे सोपे नसावे. ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांनी कवींच्या लकबींची मनमुराद थट्टा केली होती. नाटक, चित्रपट, वृत्तपत्र, व्यासपीठ अशी सारी क्षेत्रे त्यांच्या आवाजाने भरून गेली होती. वडिलांच्या सावलीत मुकाट राहणे किंवा त्यांचीच नक्कल करणे, या दोनच वाटा अशा घरातील मुलाला बहुधा दिसतात.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. पश्चिम आफ्रिकेत १९०४ साली जन्मलेल्या ग्लॅडिस केसली-हेफर्ड यांचे आईवडील दोघेही लेखक होते. आईने फ्रीटाउनमध्ये काढलेल्या मुलींच्या शाळेत त्यांनी शिकवले. कविता इंग्रजीत लिहिल्या, तशाच क्रिओ या लोकबोलीतही लिहिल्या. गुलामीतून मुक्त होऊन फ्रीटाउनला वसलेल्या लोकांच्या वंशजांची ही बोली. सुशिक्षित मंडळी तिला मोडकी इंग्रजी म्हणून नाक मुरडत. आईवडिलांकडून लेखणी घेतली, तरी शब्द कोठून घ्यायचे हे त्यांनी स्वतः ठरवले.

शिरीष पै यांनीही वारसा नाकारला नाही. ‘नवयुग’ आणि ‘मराठा’ या पित्याच्या पत्रांत त्यांनी काम केले. ‘वडिलांचे सेवेशी’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच जुन्या पत्रातील मायन्याची आठवण करून देते. ‘कस्तुरी’, ‘एका पावसाळ्यात’ अशा संग्रहांतून त्यांची स्वतंत्र कविता घडत होती. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. पुढे शिरीषताई जपानी हायकूकडे वळल्या आणि तो काव्यप्रकार त्यांनी मराठीत रुजवला. मूळ हायकू पाच, सात आणि पाच अशा सतरा मात्रांचा. मराठीत ही मोजणी काटेकोर राहिली नाही. तीन ओळी आणि निसर्गातील एक क्षण मात्र राहिला. ज्या पित्याचे वक्तृत्व मैदानेही भारून टाकी, त्याच्या लेकीने एवढ्याशा जागेत आपला संसार थाटला, ही मराठी वाङ्मयातील मोठी हृद्य घटना आहे. २ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. आज मराठीत हायकू लिहिणारा प्रत्येकजण त्यांचे ऋण मानतो.

आपल्या घरांतही वडिलांच्या पुस्तकांचे कपाट असते. नातवंडे हिंदीत बोलतात, तेव्हा त्या कपाटाचे पुढे काय होणार, ही चिंता आपणांस सतावते. शिरीषताईंचे उदाहरण येथे धीर देते. कपाट जपणे हे कर्तव्य आहेच; परंतु पुढच्या पिढीने त्यातून आपल्या आवाजाला पेलतील एवढ्याच तीन ओळी उचलल्या, तरी वारसा चालू राहिला असे आपण मानावे. त्या ओळी आपल्यासारख्या नसतील, कदाचित त्यांत हिंदीचा सूरही मिसळलेला असेल. त्या ऐकून घेण्याचे औदार्य मात्र आपणांस दाखवावे लागेल.