फंक्शनला दिलेल्या मूल्यांची पडताळणी

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक काम करणाऱ्या आज्ञासंचाला फंक्शन म्हणतात आणि त्या कामासाठी त्याला पुरविलेल्या मूल्याला आर्ग्युमेंट. अनेकदा हे मूल्य मोजक्याच पर्यायांपैकी एक असणे अपेक्षित असते. ते तसे आहे की नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच तपासणे म्हणजे पडताळणी होय.

पंढरपूरचे उदाहरण घेऊ. तेथे वर्षात चार प्रमुख यात्रा भरतात : चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. विठ्ठलाचे दर्शनही दोन प्रकारे घेता येते : पदस्पर्श दर्शन आणि मुखदर्शन. दर्शनाची नोंद करणारे फंक्शन लिहायचे, तर 'यात्रा' या आर्ग्युमेंटची मान्य मूल्ये चार आणि 'दर्शनप्रकार' याची दोन.

'पदस्पर्श असेल तर ही रांग, नाहीतर ती' अशी सैल अट घातली, तर चुकून टंकलेले 'पदस्पर्ष'ही निमूटपणे मुखदर्शनात जमा होते. प्रोग्रॅम कुठेच अडत नाही. चूक कळते ती भाविक रांगेपाशी पोहोचल्यावर. म्हणून अनोळखी मूल्य येताच फंक्शनने थांबावे आणि कोणते मूल्य आले, कोणती चालतात, हे स्पष्ट सांगावे.

देवनागरीत अधिक दक्षता हवी. 'आषाढी' आणि नुक्ता दिलेले 'आषाढ़ी' वाचणाऱ्याला एकच वाटतात. संगणकाला ती दोन भिन्न मूल्ये होत. त्यामुळे शब्द टंकायला लावण्यापेक्षा यादीतून निवडू देणे श्रेयस्कर.

अशा बंदिस्त संचासाठी जावा भाषेत २००४ मध्ये आणि पायथनमध्ये २०१४ मध्ये 'ईनम' ही सोय आली. 'आर' भाषेतील 'मॅच.आर्ग' हे फंक्शन मूल्य यादीशी ताडून पाहते आणि न जुळल्यास त्रुटी दाखवते. पायथनमधील प्रकारसूचना मात्र प्रोग्रॅम चालताना आपोआप तपासल्या जात नाहीत; त्यांवर विसंबू नये.

मान्य मूल्यांची यादी प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी ठेवावी. मूल्य मान्य असणे आणि त्या दिवशी उपलब्ध असणे, या गोष्टीही वेगळ्या. २०२४ मध्ये मंदिराच्या संवर्धनाच्या कामामुळे पदस्पर्श दर्शन काही काळ बंद होते. तेव्हाही 'पदस्पर्श' हे मूल्य योग्यच होते. उत्तर मात्र 'आज उपलब्ध नाही' असे द्यावे लागले असते, 'चुकीचे मूल्य' असे नव्हे.