जुनी वही

मंडळी, परवा नातू पानशेतला आला होता. त्याला विचारलं, "दहा जण मिळून एकच प्रोग्राम लिहिता, मग एकमेकांचं खोडलं जात नाही का?" त्यानं मला 'गिट' समजावलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते तयार केलं. प्रत्येकाजवळ कामाची पूर्ण प्रत असते, आधीच्या सगळ्या बदलांसकट. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर कुठली ठेवायची ते माणसानं ठरवायचं.

मला पुण्याची भांडारकर संस्था आठवली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा अनेक लिप्यांतल्या पोथ्या जमवल्या, श्लोक न् श्लोक ताडून पाहिला. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ साली गेले. नोंदी होत्या, म्हणून पुढच्यांना काम चालवता आलं. मला सर्वांत आवडतं ते हे, की नाकारलेला पाठही त्यांनी फेकला नाही. तो कुठल्या पोथीतला, या खुणेसह तळटीपेत ठेवला. उद्या कुणाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर पुरावा समोरच आहे.

आता माझी चूक सांगतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्या दिवसाची हकिगत पुढे एका वहीत लिहिली, आपल्या मावळी बोलीत. ते गेल्यावर मी ती उतरवून काढली. मास्तरच मी! ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, बोलीतले शब्द काढून पुस्तकी घातले, दोन-तीन वाक्यं पाल्हाळ वाटली म्हणून गाळली. आणि जुनी वही रद्दीत दिली.

नातवानं माझी सुबक प्रत वाचली आणि विचारलं, "आजोबा, पणजोबांनी मूळ काय लिहिलं होतं?"

मला सांगता आलं नाही. गाळलेली वाक्यं कुठली, तेही आता आठवत नाही.

असो. तुमच्यापैकी ज्यांनी ती हकिगत दादांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांनी आठवेल तशी लिहून पाठवा. दोघांचं जुळलं नाही तरी दोन्ही ठेवू, नावानिशी, आणि सगळ्यांच्या घरी एकेक प्रत देऊ. या वेळी शुद्धलेखन तपासणार नाही.