ओकडेलच्या स्वयंपाकघरात

आधी पायाखाली बघा. मनगटाएवढी जाड काळी केबल पडली आहे, तिच्यावर पाय देऊ नका. ती कॅमेऱ्याची आहे आणि आजच्या दिवसापुरती तुमच्या ताब्यात आहे. 1962 चा उन्हाळा, न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन, सीबीएसचा स्टुडिओ. तुमच्या पायात रबरी तळव्यांचे बूट आहेत, कारण इथे टाच वाजली तर ती निम्म्या अमेरिकेला ऐकू जाते. काम तसं सोपं. कॅमेरा पुढे गेला की केबल सोडायची, मागे आला की ओढून घ्यायची. आणि काहीही झालं तरी शिंकायचं नाही.

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि तुमची पाठ आत्ताच ओली झाली आहे. छताला लटकलेले दिवे असे तापलेत की त्यांच्यावरची धूळ भाजल्याचा वास येतोय. त्यात सिगारेटचा धूर, केसांवर फवारलेला लाखेसारखा स्प्रे, चेहऱ्यावर थापलेला पॅनकेक मेकअप आणि कोपऱ्यात कुणीतरी सुतारकाम आटोपून गेल्याचा ओल्या रंगाचा दर्प. सगळेच ओढतात सिगारेट इथे. दिग्दर्शक, नट, दिवेवाला, एवढंच काय, डॉक्टरची भूमिका करणारेही.

समोर ह्यूजेस कुटुंबाचं स्वयंपाकघर आहे. तीन भिंतींचं. खिडकीबाहेरचं झाड चितारलेलं आहे. दार जोरात लावलं तर अख्खी भिंत थरथरते, म्हणून या घरात कुणी कितीही चिडलं तरी दार आपटून जात नाही. स्वयंपाकघरातून चार पावलं टाकली की इस्पितळाचा व्हरांडा, आणखी चार टाकली की दुसऱ्याच कुणाचा तरी दिवाणखाना. हेच ते ओकडेल. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ या मालिकेतलं गाव. 1956 पासून सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी दीड वाजता ते जिवंत होतं, आणि दोन वाजता त्याचे दिवे मालवतात.

जिवंत म्हणजे अक्षरशः. आधी चित्रित करून ठेवलंय, चुकलं तर कापून टाकू, असलं काही नाही. नट इथे बोलला की त्याच क्षणी तो ओहायोतल्या एखाद्या घरात बोललेला असतो. म्हणून सकाळपासून तालमीवर तालमी. आधी हातात कागद घेऊन, मग जागा ठरवत, मग कॅमेऱ्यासह, मग कपड्यांसह. शर्ट मात्र फिकट निळे. पांढराशुभ्र कपडा कॅमेऱ्यात भगभगतो आणि घरच्या पडद्यावर तर सगळं कृष्णधवलच, तेव्हा निळा शर्ट पांढरा समजून चालतं.

आता त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे बघा. हेलन वॅग्नर. नॅन्सी ह्यूजेस, म्हणजे घरची आई, त्या करतात. मालिकेतलं पहिलंवहिलं वाक्य त्यांचंच, नवऱ्याला सकाळी केलेला साधा नमस्कार. त्यांच्या हातातल्या कॉफीच्या किटलीकडे लक्ष ठेवा, कारण या किटलीने त्यांची नोकरी घालवली होती. मालिकेच्या पहिल्याच वर्षी लेखिका अर्ना फिलिप्स यांना हेलनबाई कॉफी कशी ओततात तेच पसंत पडलं नाही. झालं, बाईंना नारळ मिळाला. पुढे पुन्हा बोलावलं, म्हणून आज त्या इथे आहेत. आणि इथून हलायच्या नाहीत. 2010 मध्ये मालिका बंद पडली त्याच वर्षी त्या गेल्या, तोवर नॅन्सी त्यांचीच. पण हे त्यांना सांगू नका, आत्ता त्या वाक्यं पाठ करताहेत.

कॉफीवरून माणूस काढणं तुम्हाला लहरीपणा वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण या मालिकेत घडतं काय, ते बघा. दरोडा नाही, घोडे नाहीत, पाठलाग नाही. दोन माणसं टेबलाशी बसतात आणि तिसऱ्याबद्दल बोलतात. कॅमेरा सरकत सरकत नाकाशी येतो आणि तिथेच रेंगाळतो. मग नॅन्सी कोण आहे हे ठरायचं कशावरून? किटली कशी धरते यावरूनच. पाहुण्याचा कप आधी भरते की नवऱ्याचा यावरून. सून बघायला गेलेली मंडळी पोह्यांची बशी पुढे करणारा हात बघतात, तीच नजर ही. फरक इतकाच की इथे बघणारे लाखो आहेत आणि रोज येतात.

तो तरणाबांड डॉक्टर दिसतोय? नॅन्सीचा मुलगा बॉब, म्हणजे डॉन हेस्टिंग्ज. चारच वर्षांपूर्वी बॉब पोरगा होता, तेव्हा त्याचं काम वेगळ्याच मुलाने केलं. मग दुसऱ्या मुलाने. मग 1960 मध्ये एके दिवशी हा भरदार आवाजाचा गडी आला, आणि ओकडेलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. पुढची पन्नास वर्षं बॉब हाच. त्याच्या मुलाची, टॉमची गंमत तर त्याहून भारी. टॉम जन्मला 1961 मध्ये. आत्ता तो पाळण्यातला आहे. पण याच दशकाच्या अखेरीस तो व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेला जवान असेल, मध्ये कितीतरी नट बदलून. आपल्याकडे मुलगा दहावीला पोचेपर्यंत आईबापांचे केस पिकतात, इथे बाळाला नाटकाच्या सोयीने मिशा फुटतात. घरोघरच्या बायका एखादा दिवस कुरकुरतात, दुसऱ्या दिवशी जरा परकं वाटतं, आणि आठवड्याभरात नवा चेहराच खरा होऊन बसतो.

काही चेहरे मात्र बदलता येत नाहीत. आता आत आली ती आयलीन फुल्टन. तिची लिसा ही बॉबची बायको. कॉलेजात असताना पळून जाऊन लग्न केलं त्यांनी. सुरुवातीला ही भूमिका थोडक्या दिवसांची, साध्या गोड मुलीची होती. आयलीनने वाक्यं गोडच ठेवली, डोळ्यांनी मात्र भलतंच काही बोलायला लागली. थेट प्रक्षेपणात डोळ्यांना कोण अडवणार? बघता बघता लिसा अख्ख्या देशाची नावडती सून झाली. मूल सासूच्या ओटीत टाकून स्वतः श्रीमंतीची स्वप्नं बघणारी. तुमच्या शेजारचा दिवेवाला तिला आदराने वाट करून देतो. इथे ती आयलीन आहे. रस्त्यावर नाही.

बारा वाजले, एक वाजला. शेवटची रंगीत तालीम संपली. दोन मिनिटांची वाक्यं जास्त भरली म्हणून कुणीतरी पेन्सिलने अर्धं पान उडवलंय, आणि एक नट भिंतीकडे तोंड करून नवं अर्धं पान पुटपुटतोय. तुमच्या तळहाताला घाम आहे, केबल निसटतेय. विजारीला पुसा. कुणीतरी शांततेसाठी ओरडतं आणि पन्नास माणसं एकदम गप्प होतात. फ्लोअर मॅनेजरचा पंजा वर. पाच, चार, मग आवाज बंद आणि फक्त बोटं.

ऑर्गन वाजतो. कोपऱ्यातच बसलाय वादक, त्याचे सूर तुमच्या बरगड्यांतून जातात. तुमच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. ओढा केबल! सोडा! हेलनबाई तुमच्यापासून हातभर अंतरावर आहेत, कपाळावर घामाचा एक थेंब पॅनकेकमधून वर यायची धडपड करतोय, पण आवाजात ओकडेलची थंडगार सकाळ. मधेच फ्लोअर मॅनेजर दोन्ही हातांनी हवेतलं अदृश्य रबर ताणू लागतो. म्हणजे वेळ उरतोय, लांबवा. बाई क्षणभरही न गडबडता किटली उचलतात आणि कॉफी ओततात. सावकाश. धार कपात पडल्याचा आवाज माइक टिपतो. सहा सेकंद, सात सेकंद. कपाळाचा तो थेंब भुवईपर्यंत पोचलाय. ऑर्गन हलकेच खाली उतरतो, दृश्य बरोब्बर वेळेत संपतं आणि साबणाची जाहिरात सुरू होते. मालिका आहेच मुळी प्रॉक्टर अँड गँबल या साबणवाल्या कंपनीची. तेवढ्या वेळात आयलीन पायातले बूट हातात घेऊन व्हरांड्याच्या सेटकडे धावते, तुम्ही भिंतीला पाठ लावून तिला जागा देता, आणि जाहिरात संपते तेव्हा ती तिथे अशी उभी असते, जणू दुपारभर तिथेच उभी होती.

चला, इथून निघू. त्याच क्षणी शिकागोत साडेबारा वाजलेत, घड्याळ एक तास मागे. एका घरात शिरा. इथला वास वेगळा, गरम इस्त्रीखाली ओलसर सुती कापडाचा. पंखा नुसती गरम हवा ढवळतोय. घरची बाई शर्टाची कॉलर दाबतादाबता मान न वळवता ऐकतेय. मालिकेची चाल म्हणूनच इतकी संथ. अर्धा वेळ ती कानांनीच बघितली जाते, आणि चार दिवस चुकले तरी पाचव्या दिवशी कुणी ना कुणी टेबलाशी बसून सगळं पुन्हा सांगतंच. ‘लिसा’ म्हणताच मात्र मान वळते, इस्त्री अधांतरी थांबते, आणि तोंडातून जे निघतं ते मुलांनी ऐकू नये असं असतं. 1958 पासून ही दिवसातली सगळ्यात जास्त बघितली जाणारी मालिका आहे. पुढची सोळा वर्षंही हेच चालणार आहे.

त्याच शहरात आणखी एका घरात टीव्ही चालू आहे, आणि तिथली बाई इस्त्री करत नाही. ती अर्ना फिलिप्स. एके काळची शिक्षिका, रेडिओच्या जमान्यापासून मालिका लिहिणारी. 1937 मध्ये सुरू झालेली ‘द गायडिंग लाइट’ तिचीच. ती हाताने लिहीत नाहीच. खोलीत येरझाऱ्या घालत सासूचं, सुनेचं, नवऱ्याचं, सगळ्यांचं स्वतः बोलते, आवाज बदलून, आणि सेक्रेटरी टंकयंत्रावर उतरवून घेते. दारात उभे राहून ऐकलंत तर आत भरलं गाव राहतं असं वाटेल. तिच्या हाताखाली लिहायला शिकलेला बिल बेल नावाचा तरुण पुढे ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ काढणार आहे. नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर, आई स्वयंपाकघरात असताना आवाज बारीक करून तुम्ही जी बघितलीत ना, तीच ती. तिचं आजोळ म्हणजे ही खोली.

न्यूयॉर्कला परत जाताना फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर लॉर्ड अँड टेलर दुकानापाशी क्षणभर थांबू. अशाच एका दिवशी, या दारापाशी, चांगल्या कपड्यांतली एक बाई आयलीनजवळ आली, तू लिसाच ना असं तिने विचारलं, आयलीन हसली, आणि त्या बाईने तिच्यावर हात उगारला. आयलीननेच पुढे हे सांगितलंय. तिच्यावर सोबत अंगरक्षक ठेवायची पाळी आली. मारणाऱ्या बाईला वेड लागलेलं नव्हतं. रोज जेवणाच्या वेळी घरात येणारी सून तिला रस्त्यात भेटली होती, बस.

आता मोठा प्रसंग. याच उन्हाळ्यात जेफ बेकर मरतो. जेफ हा नॅन्सीच्या मुलीचा, पेनीचा नवरा. रोझमेरी प्रिन्झची पेनी आणि मार्क रायडेलचा जेफ, या जोडीवर देश जीव टाकतो. पण रायडेलला मालिका सोडून दिग्दर्शक व्हायचंय. (होईलही. हेन्री फोंडा आणि कॅथरिन हेपबर्नचा ‘ऑन गोल्डन पाँड’ त्याचाच.) बॉबसारखा दुसरा नट आणता आला असता की! पण जेफच्या जागी दुसरं कुणी बघणाऱ्यांनी खपवून घेतलं नसतं. मग एक मोटार, एक अपघात, आणि पेनी विधवा.

त्यानंतरचं टपाल फोडायचं काम तुमच्याकडे आलंय, केबलवाले दुपारी मोकळे असतात ना. खोलीत खिडकी एकच, बाहेर हॉर्नचा कल्लोळ, टेबलावर पोती. पाकिटांना डिंकाचा, अत्तराचा, एकाला चक्क लोण्याचा वास. तीन ढीग करायचे आहेत. एक लेखिकेच्या नावाचा: त्यातली भाषा वाचून कान गरम होतील. दुसरा रायडेलचा: तो जिवंत आहे हे माहीत असूनही त्याला झापणारा. तिसऱ्या ढिगावर नटांची नावंच नाहीत, ‘पेनी, ओकडेल’ एवढंच. कुणी धीर दिलाय, कुणी मानपानात न अडकता चार दिवस आईकडे राहायचा सल्ला.

हे शेवटचं पाकीट बघा. नाव नॅन्सीचं आहे, मजकूर पेनीसाठी आहे, आणि मागच्या बाजूला, अक्षर बारीक करून, लिसाला मयताच्या घरी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा ठेवू देऊ नका अशी ताकीद आहे. चौथा ढीग करायची परवानगी नाही. कुठे टाकायचं ते तुम्ही बघा.