घराचा पहारा : गृहसुरक्षा कॅमेरा व स्मार्ट गृहप्रणाली यांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

निवारा आणि सुरक्षितता या मानवाच्या परस्परांशी निगडित गरजा होत. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजा, देवडी आणि आतून घालावयाचा अडसर ही संरक्षणाची साधने होती. देवडीवरील पहारेकरी आल्यागेल्यावर नजर ठेवीत असे. मात्र त्याने जे पाहिले ते बहुतांशी त्याच्या स्मरणातच राहत असे. आज ही जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. कॅमेरा पाहतो, ऐकतो, पाहिलेल्याची नोंद ठेवतो आणि ती नोंद दूरवरच्या संगणकाकडेही पाठवितो. त्यामुळे अशा साधनाची निवड हा केवळ खरेदीचा व्यवहार राहत नाही. घराचा पहारा कोणावर सोपवावयाचा, हा मूळचा प्रश्न तिच्यात दडलेला असतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) गृहसुरक्षा साधनांच्या विकासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यावर साधनाचे नियंत्रण कोणाच्या हाती होते हे तपासणे.
३) या इतिहासाच्या आधारे आजच्या निवडीचे निकष मांडणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

गृहसुरक्षेची साधने जसजशी अधिक सक्षम झाली, तसतसे त्यांवरील घरातील व्यक्तीचे नियंत्रण कमी होत गेले, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

१) विजेची घंटा आणि मध्यवर्ती केंद्र

आधुनिक गृहसुरक्षेचा प्रारंभ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. ऑगस्टस पोप यांना १८५३ मध्ये विद्युतचुंबकीय धोकासूचक घंटेचे पेटंट मिळाले. दार वा खिडकी उघडताच विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटा वाजावी, अशी ही साधी योजना होती. एडविन होम्स यांनी या पेटंटचे हक्क विकत घेऊन तिला व्यवसायाचे रूप दिले. पुढे घराघरांतील तारा एका मध्यवर्ती केंद्राशी जोडण्यात आल्या. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ या कंपनीचा विस्तारही याच मार्गाने झाला. येथे पहारा प्रथमच घराबाहेर गेला. तथापि तारेवरून जात असे ती केवळ धोक्याची सूचना. घरातील दृश्य वा संभाषण जात नसे.

२) मेरी ब्राऊन यांचे दार

दूरचित्रवाणी कॅमेऱ्याचा पाळतीसाठी वापर जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, अग्निबाणांचे प्रक्षेपण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी झाला. हे तंत्र सामान्य घराच्या दारापर्यंत आणण्याचे श्रेय मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन (१९२२-१९९९) या कृष्णवर्णीय परिचारिकेकडे जाते. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात त्या राहत असत. त्यांच्या व त्यांच्या पतीच्या कामाच्या वेळा अनियमित असल्याने त्यांना अनेकदा घरी एकटे राहावे लागे. परिसरात गुन्हे वाढले होते आणि पोलिसांची मदत वेळेवर पोहोचत नसे. या अनुभवातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ असलेले पती अल्बर्ट ब्राऊन यांच्यासह १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले.

दारावर निरनिराळ्या उंचीवर छिद्रे, त्यांमागे खाली-वर सरकणारा कॅमेरा, आतील खोलीत दूरचित्रवाणीचा पडदा, बाहेरच्या व्यक्तीशी बोलण्याची सोय, दुरूनच दार उघडणारे कुलूप आणि मदतीसाठी इशारा देणारे बटण, असे या योजनेचे स्वरूप होते. तिचे महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे ही सर्व यंत्रणा घरातील व्यक्तीच्या नियंत्रणाखाली होती. कोण आले आहे हे तीच पाही. दार उघडावे की मदत मागवावी, हे तीच ठरवी. ज्या स्त्रीला बाहेरची व्यवस्था संरक्षण देऊ शकत नव्हती, तिने निर्णयाचा अधिकार स्वतःकडे घेतला, हा या शोधाचा सामाजिक अर्थ होय. ही यंत्रणा त्या काळी घरोघरी पोहोचली नाही. मात्र आजच्या दारावरील कॅमेऱ्याची बहुतेक सर्व अंगे तिच्यात आढळतात.

३) घरातील तारेपासून महाजालापर्यंत

स्मार्ट गृहप्रणालीचा इतिहास याच दशकात सुरू होतो. पिट्सबर्ग येथील अभियंता जिम सदरलँड यांनी १९६६ मध्ये ‘इको फोर’ हा घरगुती संगणक स्वतःच्या घरात उभारला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘एक्स-१०’ ही पद्धती विकसित केली. घरातील विजेच्या तारांतूनच संदेश पाठवून दिवे व उपकरणे चालविणारी ही पद्धती २५६ संकेतांक वापरू शकत असे. तिच्यात संदेश पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. तरीही ती घराच्या मर्यादेत चालत असल्याने हा दोष फारसा जाचक ठरला नाही.

पुढील टप्पा १९९६ चा. स्वीडनमधील ॲक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने त्या वर्षी संगणकजालाशी थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. पुढे ब्रॉडबँड आणि स्मार्टफोन यांच्या प्रसाराने असा कॅमेरा घराघरांत पोहोचला. गूगलने २०१४ मध्ये नेस्ट, तर ॲमेझॉनने २०१८ मध्ये रिंग ही कंपनी विकत घेतली. आता दृश्य कंपनीच्या संगणकावर साठू लागले आणि तेथूनच ते घरमालकाच्या मोबाइलवर येऊ लागले. दार घरमालकाचे, परंतु त्या दाराची नोंद मात्र दुसऱ्याच्या स्वाधीन, अशी ही नवी स्थिती होय.

४) विश्वासाची परीक्षा

या स्थितीतील धोके लवकरच उघड झाले. जानेवारी २०१२ मध्ये ट्रेंडनेट या कंपनीच्या सुमारे ७०० कॅमेऱ्यांची थेट दृश्ये महाजालावर उघडी पडली. त्यांत पाळण्यात झोपलेली बालकेही होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये कंपनीविरुद्ध कारवाई केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच साहाय्याने अनेक मोठी संकेतस्थळे काही काळ बंद पाडली. घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा मालकाच्या नकळत आक्रमणाचे हत्यार बनला.

धोका केवळ चोरट्यांकडूनच असतो असे नाही. नेस्टने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह या गृहनियंत्रक उपकरणाची सेवा मे २०१६ मध्ये बंद केली गेली आणि ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली उपकरणे निरुपयोगी झाली. २०२३ मध्ये रिंग कंपनीचे कर्मचारी ग्राहकांची खासगी दृश्ये पाहू शकत होते, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. आरोप अमान्य करीत कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याची तडजोड स्वीकारली.

५) शेजाऱ्याचा हक्क आणि कायदा

कॅमेरा घरमालकाचा असला तरी त्याच्या दृष्टिक्षेपात इतरही येतात. चेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाने घरावर वारंवार हल्ले झाल्याने कॅमेरा लावला. त्याच्या आधारे दोन संशयितांची ओळखही पटली. परंतु त्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता व समोरच्या घराचे दार येत होते. युरोपीय न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ रोजी असा वापर निव्वळ घरगुती मानता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वेळी स्वतःच्या मालमत्तेच्या व कुटुंबाच्या रक्षणाचा हेतू विचारात घेण्यास कायद्यात वाव असल्याचेही स्पष्ट केले.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या वैयक्तिक वा घरगुती वापराला वगळले आहे. साहजिकच सदनिकेच्या समोरच्या दाराकडे रोखलेल्या कॅमेऱ्याबाबत कायद्याइतकीच शेजारधर्माचीही कसोटी लागते. उपकरणांच्या बाबतीत केंद्र शासनाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक आवश्यक निकष अधिसूचित केले. ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले.

६) निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष मांडता येतात.

अ) नोंदीचे स्थान : दृश्य घरातील मेमरी कार्ड वा रेकॉर्डरमध्ये साठते की केवळ कंपनीच्या संगणकावर, हे प्रथम पाहावे. रेकॉर्डरच चोरीस जाण्याची भीती असल्यास दुसरी प्रत बाहेर ठेवणे योग्य ठरते. मात्र तो घरमालकाने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असावा.

आ) प्रवेशाची सुरक्षा : पासवर्ड बदलण्याची व दुहेरी पडताळणीची सोय असावी. सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे मिळणार, हेही विचारून घ्यावे.

इ) स्वावलंबन : इंटरनेट खंडित झाल्यास वा कंपनीने सेवा थांबविल्यास साधन चालेल काय? वीजपुरवठा अनियमित असलेल्या भागात कॅमेरा, रेकॉर्डर व राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरवर असणे अगत्याचे आहे. ‘ऑनव्हिफ’ (२००८) व ‘मॅटर’ (२०२२) यांसारखी सामाईक मानके पाळणारी उपकरणे घेतल्यास एकाच कंपनीवरील अवलंबित्व कमी होते.

ई) मर्यादा : कॅमेऱ्याच्या कक्षेतून शेजाऱ्याचे दार वगळावे. घरकामास येणाऱ्या व्यक्तीला कॅमेऱ्याची कल्पना द्यावी.

उ) घरातील अधिकार : ॲप केवळ एकाच सदस्याच्या मोबाइलमध्ये असेल, तर घरात राहणाऱ्या स्त्रिया व वृद्ध हे पहारा ठेवणारे न राहता पहाऱ्याखालील व्यक्ती बनतात.

निष्कर्ष :

विजेच्या घंटेपासून स्मार्ट कॅमेऱ्यापर्यंतच्या वाटचालीत साधनाची दृष्टी विस्तारली, परंतु नियंत्रण क्रमाक्रमाने घराबाहेर गेले. यावरून मूळ गृहीतक मोठ्या प्रमाणात सिद्ध होते. तथापि ही प्रक्रिया अपरिहार्य नाही. घरात साठवण करणारी व सामाईक मानकांवर चालणारी साधने उपलब्ध आहेत. मेरी ब्राऊन यांच्या योजनेत बटण दाराआड एकट्या असलेल्या स्त्रीच्या हाती होते. आजच्या प्रणालीची निवड करताना चित्राची सुस्पष्टता व किंमत यांच्या आधी हे बटण कोणाच्या हाती राहणार आहे, याचा विचार होणे आवश्यक आहे.