खजिन्याचे पत्र आणि आधीचा खर्च



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा प्रघात आहे. मी विद्वान नव्हे. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे शिकलो ते मोंढ्यात, हमालांच्या सभेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. लातूर आणि नांदेड या दोन बाजारपेठांत माझी तीस वर्षे संघटनेच्या कामात गेली. तेव्हा राजे आणि लढाया यांचा इतिहास माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मी आज एका पत्राचा इतिहास सांगणार आहे. निमित्त मात्र घरचे आहे.

आमच्या संघटनेत एक जुना हमाल होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याची लाज ती माझी लाज. पोती वाहून वाहून खांद्याला घट्टा पडलेला माणूस. काम सोडताना हाती आलेली रक्कम त्याने मुलीच्या लग्नासाठी बँकेत ठेवली होती. एके दिवशी मुलाच्या मोबाईलवर ई-मेल आला की, परदेशी लॉटरीत तुमचा नंबर लागला असून एक कोट रुपये तयार आहेत. नोंदणीसाठी बारा हजार पाठवा. ते पाठवले. मग कर भरा म्हणून पत्र आले, मग विम्यासाठी, मग विमानतळावर अडकलेली पेटी सोडविण्यासाठी. दोन महिन्यांत सारी पुंजी गेली. घरात कुणाला पत्ता नाही. मला कळले तेव्हा हा माणूस पैशांबद्दल एक शब्द बोलला नाही. एवढेच म्हणाला, “भाऊ, सभेत सांगू नका.”

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी या पत्राचे मूळ शोधू लागलो, आणि थक्क झालो. कारण हे पत्र संगणकापेक्षा, टपाल तिकिटापेक्षाही जुने निघाले.

फ्रान्समध्ये विदोक नावाचा एक विलक्षण गृहस्थ होऊन गेला. आधी स्वतः गुन्हेगार, पुढे पॅरिस पोलिसांच्या गुप्त शाखेचा प्रमुख. 1830 च्या दशकात त्याने चोरांच्या रीतींवर एक पुस्तक लिहिले. त्यात ‘जेरुसलेमची पत्रे’ या नावाने हाच धंदा वर्णिलेला आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातले कैदी श्रीमंतांचे पत्ते मिळवून त्यांना पत्रे धाडीत. मी एका सरदाराचा सेवक, क्रांतीच्या धामधुमीत धन्याबरोबर पळताना सोन्याहिऱ्यांची पेटी वाटेत टाकावी लागली, जागा मला ठाऊक आहे, तुरुंगातून सुटण्यापुरती मदत करा, म्हणजे पेटीत तुमचाही वाटा. विदोक सांगतो की, शंभर पत्रांतल्या वीसांना उत्तर येई! शहाणेसुरते, पैसेवाले लोक हो ते.

पुढे हाच कैदी स्पेनच्या तुरुंगात गेला, म्हणजे पत्रापुरता. ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने तो अमेरिकेत पोहोचला, आणि 1898 साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने त्याबद्दल लोकांना सावध केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून पत्रे निघू लागली. आधी टपालाने, मग फॅक्सने, मग ई-मेलने. त्यांत कैद्याच्या जागी पदच्युत मंत्री आला, पेटीच्या जागी तेलाच्या कंत्राटाचे अडकलेले पैसे आले. त्या देशाच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला ‘चारशे एकोणीस’ हे नाव पडले. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेने ‘चारशेवीस’ हा शब्द घराघरांत नेला; 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत त्या कलमाचा आकडा 318 झाला. आकडे बदलले, माणूस तोच! भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले आणि त्याबरोबर या पत्रालाही आपल्या गावचा रस्ता सापडला.

अडाणी माणूसच फसतो, असे कुणी म्हणेल. त्याला मी ब्राझीलची गोष्ट सांगतो. 1995 ते 1998 या काळात तिथल्या नोरोएस्ते बँकेचा एक बडा अधिकारी अशाच जाळ्यात सापडला. समोरच्याने नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याचे सोंग केले आणि राजधानीत विमानतळ बांधायचा आहे असे सांगितले. 24 कोटी 20 लाख डॉलर गेले. पुढे ती बँकही राहिली नाही. आता बोला! आमच्या हमालाला हसणाऱ्यांनी या बँकवाल्याला काय म्हणावे?

आणखी एक गंमत पाहा. ही पत्रे इतकी अशुद्ध आणि अचाट का असतात? हर्ली नावाच्या एका संशोधकाने 2012 साली याचा उलगडा केला. ते पत्र म्हणजे चाळणी आहे. सावध माणसाने पहिल्या ओळीलाच हसून निघून जावे, हीच ठकाची इच्छा. कारण त्याच्यावर खर्च केलेला वेळ वाया जातो. चाळणीत जो उरतो तो गरजवंत. म्हणजे हे जाळे मूर्खपणावर नव्हे, गरजेवर टाकलेले आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मराठवाड्याचा व्यवहारच मुळी आगाऊ रकमेवर चालतो. जमिनीला इसार, बैलाला इसार, ऊसतोडीच्या टोळीला मुकादमाची उचल. आधी थोडे द्यावे आणि मग मोठे घ्यावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. ठक नेमका याच सवयीवर स्वार होतो. पण दोहोंतला फरक ध्यानात घ्या. इसार घेणारा डोळ्यांसमोर असतो, शेत किंवा बैल पाहता येतो, आणि दिलेला इसार किमतीतून वळता होतो. शिवाय इसार देतो तो घेणारा गिऱ्हाईक. इथे उलटी गंगा! जो मला कोट रुपये देणार, तोच माझ्याकडे बारा हजार मागतो. अरे बाबा, कोटातून कापून घे ना तुझे बारा हजार! एवढा एकच प्रश्न विचारला की पत्राचे पितळ उघडे पडते.

हा प्रश्न सगळीकडे लावून पाहा. शेतात मोबाईलचा टॉवर बसवतो, लाखांचे भाडे देतो, आधी परवानगीची फी भरा, असे सांगणारे गावोगाव भेटतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वारंवार जाहीर केले आहे की, टॉवरसाठी असला परवाना ते देत नाही. मुद्रा कर्ज मंजूर झाले, शुल्क भरा, असे पत्र येते. मुद्रा ही संस्था व्यक्तीला थेट कर्ज देतच नाही. कर्ज देते ती बँक. रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे पत्र येते. रिझर्व्ह बँक तुमच्याआमच्या नावाने खाती ठेवीत नाही, आणि परदेशी लॉटरीसाठी बाहेर पैसे पाठविण्यास कायद्याची मनाई आहे. जून 2024 मध्ये तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत पैशांच्या बदल्यात गुण वाढवून देण्याच्या आमिषाबद्दल लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. तक्रार दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेची होती. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण लेकराच्या डॉक्टरकीचे स्वप्न हाही एक खजिनाच आहे, आणि त्याचेही पत्र लिहिणारे असतात, एवढे आपण ओळखावे.

मग करावे काय? उत्तर देऊ नये. शिवी देण्यासाठीसुद्धा नाही, कारण उत्तर म्हणजे दार उघडे असल्याची खूण. पैसे गेले असतील तर पुढचा हप्ता तिथेच थांबवावा आणि त्याच तासाला 1930 या नंबरावर कळवावे, बँकेला सांगावे, पोलीस ठाणे गाठावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. वेळेवर कळले तर वाटेत अडवता येतो. पत्र पुसू नये, तोच पुरावा. गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी द्या, असे म्हणत कुणी वकील किंवा अधिकारी आला, तर तो त्याच टोळीचा दुसरा फेरा समजावा. आणि माझ्या कामगार भावांना कळकळीने सांगतो, दोनचार हजारांसाठी आपले बँकखाते कुणाला वापरायला देऊ नका. ठकाचा पैसा तुमच्या पासबुकातून गेला की पोलीस तुमच्याच दारात येतात.

श्रोतेहो, दोनशे वर्षांत पेटी बदलली, कैदी बदलला, देश बदलला. एक वाक्य मात्र बदलले नाही: ‘ही गोष्ट कुणाला सांगू नका.’ सगळा धंदा त्या वाक्यावर उभा आहे. आधी लोभापायी माणूस गप्प राहतो आणि मागाहून लाजेपायी.

आम्हा कामगारांना या गप्प राहण्याची किंमत ठाऊक आहे. मजुरीत मारलेला काटा जोवर एकेकटा सोसत होता, तोवर तो नशिबाचा भाग होता. चार जण एकत्र बोलले तेव्हा तो अन्याय ठरला, आणि त्यातूनच 1969 चा माथाडी कायदा उभा राहिला.

मी माझ्या त्या हमालाला सभेत सांगायला लावले नाही. मीच नाव न घेता हकीकत सांगितली. सभा संपल्यावर दोघे जण मागे रेंगाळले. एक म्हणाला, “भाऊ, मलाबी आलं होतं तसलंच. चाळीस हजार गेले.” दुसरा नुसता मान खाली घालून उभा राहिला. तिघेही एकाच गल्लीत राहणारे! पहिल्याने तोंड उघडले असते तर मागचे दोघे वाचले असते. आम्ही चौघे मिळून पोलीस ठाण्यात गेलो. पैसे अजून आलेले नाहीत. पण त्या गल्लीत आता असे पत्र आले की पोरे ते पारावर मोठ्याने वाचून दाखवतात, आणि म्हातारी माणसेही हसतात.

ठकाला पोलिसांइतकीच भीती त्या हसण्याची वाटत असावी. तेव्हा असे पत्र आले तर ते झाकून ठेवू नका; चार माणसांत वाचा. आणि कुणी फसला असेल तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत चाला. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.