बारा हजारांचा महसूल आणि हेगचा निकाल

उधव्यापासून दादरा-नगर हवेलीची हद्द फार लांब नाही. ही हद्द आली कुठून, ते आज सांगतो.

१७ डिसेंबर १७७९. इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. पुण्याला पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. तह झाला, आणि बदल्यात दमणजवळच्या गावांचा १२,००० रुपयांचा महसूल कबूल केला. १७८३ आणि १७८५ मध्ये गावं हाती पडली.

आता गंमत बघा. दिला होता महसूल, राज्य नव्हे! पण पेशवाई बुडाली, इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता मान्य केली आणि सरंजामाचा मुलूख झाला.

१९५४ मध्ये हा भाग मुक्त झाला. भारताने दमणहून येणारी वाट अडवली, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हता. तिथला तणाव पाहता भारताने वाट अडवली, यात हक्कभंग नाही. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला.

मला यात एकच गोष्ट खटकते. तो महसूल वारली-कोकणांच्या कष्टातून यायचा, आणि तहात त्यांना कुणी विचारलंच नाही.